ठकूआक्का गाडीत बसली की

गिऱ्हाईक गॅरेजात आलं की आधी तोंडानं गाडी वाजवून दाखवतं. मंचरला घोडेगाव रस्त्यावर माझं गॅरेज होतं. तिथं मी उभ्या आयुष्यात जितकी इंजिनं कानानं ऐकली, त्याच्या दुप्पट माणसांच्या तोंडून ऐकली असतील. एक गुरुजी होते. त्यांच्या स्कूटरचा आवाज ते इतका हुबेहूब काढायचे, की मी स्कूटरकडं न बघता पान्याला हात घालायचो. उलट एक कांद्याचे व्यापारी होते. त्यांच्या जीपला काहीही झालं तरी ते "घाँ घाँ करती" एवढंच सांगायचे. टायर पंक्चर झालं तरी घाँ घाँ. एकदा नुसता आरसा फुटला होता, तेव्हाही घाँ घाँच.

पण मला घाम फोडणारा आवाज एकच. गाडी मस्त पळतेय, पळतेय, आणि मध्येच "फट्". मग एक झटका. मग पुन्हा मस्त. आमच्या धंद्यात ह्याला मिसिंग म्हणतात.

ज्यांनी कधी बोटाला ग्रीस लावलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. चार सिलिंडरचं इंजिन म्हणजे चौघांनी खांद्यावर घेतलेली बाज समजा. तळेघरच्या बाजूला रस्ते नव्हते तेव्हा आजारी माणसाला असंच बाजेवर घालून खाली आणायचे. चौघं एका पावलानं चालले तर वरच्याला झोप लागावी. त्यातला एक जरी पाऊल चुकला तरी बाज हिंदकळते आणि वरचा आई-बाप आठवतो. इंजिनात प्रत्येक सिलिंडरला आपापल्या वेळी एक ठिणगी मिळावी लागते. ठिणगी चुकली की तो गडी पाऊल चुकला. ठिणगी कायमची गेली असेल तर काम सोपं, तासाभरात सापडते. पण अधूनमधून चुकणारी, आणि गॅरेजच्या दारात आली की शहाण्या पोरीसारखी वागणारी गाडी भल्याभल्या फिटरला रडवते. जे दुखणं दिसतच नाही ते दुरुस्त काय करणार, कपाळ?

मी धंदा शिकलो जुन्नरला, एका उस्तादांच्या हाताखाली. त्यांची एक रीत होती. गाडीला हात लावायच्या आधी ते गिऱ्हाइकाला चहा पाजायचे आणि भलभलते प्रश्न विचारायचे. कुठं निघाला होता? गाडीत कोण कोण होतं? मागं काय भरलं होतं? ऊन होतं का? मला वाटायचं, म्हाताऱ्याला गप्पांची हौस आहे. चहा मला आणावा लागायचा, म्हणून राग जास्त.

माझी स्वतःची रीत वेगळी होती, आणि ती घरातून आलेली. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात दृष्ट, अंगारा, मुहूर्त ह्यांना दार बंद झालं ते झालं. मांजर आडवं गेलं तर माझे वडील मुद्दाम त्याच वाटेनं जायचे, तिकडं काही काम नसलं तरी. अशा घरात वाढलेला मी. कुणी 'पायगुण' हा शब्द काढला की माझं डोकं सरकायचं. गिऱ्हाईक असो, पाहुणा असो, व्याख्यान झालंच पाहिजे. आता गोष्ट ऐका, म्हणजे ह्या स्वभावानं माझी कशी फजिती केली ते कळेल.

बबन आमच्या अवसरी बुद्रुकचाच, माझा शाळेतला दोस्त. नव्वदच्या दशकात त्यानं पुण्याहून एक जुनी पेट्रोल व्हॅन आणली. डिंभे, तळेघरकडं एस.टी. मनात येईल तेव्हा यायची, त्यामुळं बबनच्या गाडीला सिटा मिळायच्या. ह्या व्हॅनची एक खोड नव्या पिढीला माहीत नसेल. तिला पुढं बॉनेटच नाही. इंजिन पुढच्या सीटांच्या खाली. म्हणजे ड्रायव्हर आणि त्याच्या शेजारचा, दोघंही इंजिनावर बसलेले. इंजिन बघायचं तर सीट पेटीच्या झाकणासारखी उचलायची. थंडीत बरं वाटायचं. उन्हाळ्यात खाली चूल पेटवल्यासारखं व्हायचं.

तर बबन आला आणि म्हणाला, "गौतम, गाडी मिसिंग मारती राव. घोडेगाव सोडलं की फट् फट् चालू."

"रोज?"

"रोज न्हाई. कवातरी. पण मारली की लई मारती."

मी प्लग बदलले. बबन गेला आणि आठवड्यानं परत आला. ठिणगी पाडणारे पॉइंट घासले, परत आला. मग पॉइंट बदलले, कार्बोरेटर उघडून धुतला, पेट्रोलची टाकी उतरवून साफ केली. वायरी हातानं चाचपल्या. एका वायरीवर बारीक काळा ठिपका होता, तो मला ग्रीसचा वाटला. दर खेपेला आम्ही ट्रायलला डिंभ्यापर्यंत जायचो. बबन चालवायचा, मी शेजारी पाय रोवून, कान खिडकीबाहेर. गाडी लोण्यासारखी चालायची. मी म्हणायचो, "झालं काम!" आणि बबन माझ्याकडं असा बघायचा, की मलाच माझी दया यायची.

एके दिवशी बबन आला तो त्याच्या चुलत्याला घेऊन. हे नाना. घरातले वडीलधारे, गळ्यात माळ, तोंडात पान, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर तोडगा तयार. गाडीवर त्यांनी आधीच उपचार चालू केले होते. पुढं लिंबू-मिरची, आरशाला काळी बाहुली, आणि मागच्या बंपरला दृष्ट लागू नये म्हणून स्वतःची एक जुनी, टायरच्या रबराची जाडजूड चप्पल. लिंबाची माळ त्यांनी नेमकी हॉर्नच्या वायरीला बांधली होती, त्यामुळं गाडीचा हॉर्नही गेला होता. तो मी फुकट करून दिला, वर दोन वाक्यं ऐकवली.

बबन चाचरत म्हणाला, "गौतम, एक सांगू का? चिडू नगं. आक्का गाडीत बसली की व्हतं हे."

आक्का म्हणजे ठकूआक्का, बबनची थोरली बहीण. ऐन तरुणपणी नवरा गेला, माहेरी आली. बबनची आई तो लहान असतानाच वारली, त्याला वाढवला तो हिनं. अंगानं भरलेली, आवाज असा की ती वेशीत बोलली तर आमच्या वस्तीपर्यंत बातमी पोचायची. बबनची गाडी आली तेव्हा पुढच्या सीटचा पहिला मान तिचा. आणि तो तिनं पुढंही कुणाला दिला नाही.

"बाकीच्या येळी गाडी गपगुमान चालती," नाना पानाची पिचकारी टाकून म्हणाले. "ठकी बसली की घोडेगावाच्या पुढं बिघाड. मागल्या बाजारला बसली, बिघडली. भीमाशंकरला निघालो, बिघडली. आता पायगुण म्हणायचा न्हाई तर काय म्हणायचं?"

झालं. मी पाना खाली ठेवला आणि सुरू झालो. "नाना, इंजिनाला डोळे असतात का? इंजिनाला कळतं का वर बाई बसली का बुवा? विधवा का सवाष्ण? लोखंड आहे ते! लाज वाटली पाहिजे तुम्हाला, घरच्या लेकीबद्दल असं बोलायला!" असं बरंच. शेजारचा पंक्चरवाला काम सोडून ऐकायला आला. त्यानं मान डोलावली म्हणून मला आणखी चेव आला.

नानांनी सगळं शांतपणे ऐकलं. "बरं. मंग तू सांग का व्हतं."

मी म्हणालो, "चढाला लोड येतो," आणि कार्बोरेटर पुन्हा उघडला. तो बिचारा इतका स्वच्छ झाला होता की त्यात दूध तापवावं.

खरी गंमत पुढंच आहे. बबनची बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती, तळेघरला. मुलगी झाली. बारशाचा दिवस ठरला. आता बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्यानं. बबनला दुसरी बहीण नाही. पोटी मूल नसलेल्या ठकूआक्काच्या आयुष्यात हा एकच मान उरला होता. पण नानांनी घरात सांगून टाकलं, ठकीला न्यायचं नाही. वाटेत गाडी बंद पडली तर अख्खं बारसं खोळंबेल. नाव माझी सून सांगेल. बबन मान खाली घालून बसला. आडून एकजण असंही म्हणालं, की विधवेनं पाळण्याला हात लावायचा म्हणजे तसंही बरं दिसत नाही. गाडीचं निमित्त बऱ्याच जणांना सोयीचं होतं.

दुसऱ्या दिवशी ठकूआक्का स्वतः गॅरेजात आली. अवसरीहून चालत. मी बबनच्याच व्हॅनखाली आडवा झालो होतो. मला तिचे पाय दिसले आणि लगेच आवाज आला.

"भायेर ये रं, गौतम्या!"

मी बाहेर आलो. तिनं कंबरेवर हात ठेवले.

"तू म्हनं नानाला लई बोलला. पायगुण न्हाई, वहीम हाय म्हनं."

"मग! वहीमच आहे आक्का."

"मग ही रांड चालत का न्हाई?" तिनं व्हॅनच्या चाकाला लाथ घातली. मग एकदम तिचा आवाज खाली आला. तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. "गौतम, माज्या मनाला बी वाटाय लागलंय रं. नवरा गेला तवा बी असंच म्हनले व्हते लोक. तवा मी कुनाला ऐकलं न्हाई. पन आता गाडीच म्हनती म्हनल्यावर..."

माणसांच्या तोंडाला ती पुरून उरली असती, पण इंजिनाशी भांडणार कशी? मी तोंडाला येईल ते बोलून गेलो. "आक्का, बारशाला तुम्ही जाणार. पुढच्या सीटवर बसून जाणार. मी पण येणार. गाडी बंद पडली तर तळेघरापर्यंत ढकलत नेईन."

"चढ हाय रं तिथं," ती म्हणाली. पण डोळे पुसले.

बारशाच्या सकाळी निघालो. बबन स्टिअरिंगवर, शेजारी ठकूआक्का, मांडीवर बाळाची कुंची, झबली, टोपडं ह्यांचं गाठोडं. मागं मी, नाना आणि घरच्या बायका. गाडीत बसण्याआधी आक्कानं चपला काढून हातात घेतल्या, गाडीच्या पाया पडली आणि चपला एका पिशवीत ठेवल्या. मी ते बघितलं आणि मनातल्या मनात एक छोटं व्याख्यान देऊन टाकलं. बघितलं, आणि काहीही कळलं नाही.

घोडेगावपर्यंत गाडी गात गेली. मी नानांकडं विजयी मुद्रेनं बघत होतो. घोडेगाव मागं पडलं, डिंभ्याचा रस्ता लागला.

फट्.

मग फट् फट्. मग अशी हिसके देत चालली की मागच्या बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. बबननं गाडी बाजूला घेतली. सगळे आक्काच्या पाठीकडं बघत होते. शेवटी नानांनीच खाकरा काढला.

"मेस्तरी, ढकलतुस न्हवं?"

आक्का खाली उतरली. उतरल्याबरोबर इंजिन गोड चालायला लागलं! देवाशपथ सांगतो, म्हणजे आमच्यात ती घेत नाहीत, पण त्या क्षणी माझासुद्धा विश्वास डळमळला. आक्कानं गाठोडं बबनच्या हातात दिलं. "जावा तुमी. मी येष्टी बघते." पिशवीतून चपला काढल्या, पायात घातल्या आणि मागं वळून चालायला लागली. बबन स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता. तो रडत होता.

त्या वेळी मला जुन्नरचे उस्ताद आठवले. चहा पाजून भलभलते प्रश्न विचारणारे. मी आजवर नानांना, बबनला, साऱ्या गावाला शिकवत होतो की असं होणंच शक्य नाही. पण होत होतं ना! आक्का बसली की बिघडत होती, हे नाना खोटं बोलत नव्हते. का होतं, तेवढं ते चुकीचं सांगत होते. आणि मी कारणाच्या रागात खूणच फेकून दिली होती.

मी धावत जाऊन आक्काला आडवा झालो. "आक्का, तुम्ही गाडीत बसता तेव्हा करता काय?"

"बसते! दुसरं काय नाचते व्हय?"

"बसून दाखवा."

"गौतम्या, थट्टा करतो का माजी?"

"पाया पडतो तुमच्या. एकदा बसून दाखवा."

ती कुरकुरत परत आली. चपला काढल्या, बसली. इंजिन चालू. काही नाही. गोड. नाना मागून मान लांब करून बघायला लागले.

"आता घोडेगाव सोडल्यावर काय केलंत?"

"काय न्हाई. खालचा पत्रा तापला, पाय भाजाय लागलं, म्हनून वर घेतलं."

"चपला का काढता?"

"अरं, बबनची लक्ष्मी हाय ती! लक्ष्मीवर चपला घालून पाय ठिवायचा व्हय?"

"घ्या पाय वर."

आक्कानं पाय उचलले आणि ऐसपैस मांडी घातली. फट्!

"खाली."

पाय खाली. गोड.

"वर."

फट् फट्.

मागून एक बाई किंचाळली, "अगं बया!" आक्काचे डोळे मोठे झाले. तिनं आपणहून पाय खाली घेतले, थांबली, वर घेतले. फट्. खाली. वर. फट्. वाटेनं जाणारे दोन कातकरी मासे घेऊन थांबले आणि बघू लागले. आक्का आता मजेत आली होती. "बबन, ऐक! पेटी वाजवते बग!" आणि ती खरंच ठेक्यात पाय वर-खाली करू लागली. इंजिन तिच्या हुकमानं ठेका धरत होतं. सगळ्यांत आधी बबन हसला, डोळ्यांत पाणी होतं तसाच.

मी सीट उचलली. सगळं समोर मांडून ठेवल्यासारखं होतं. सीटच्या पत्र्याखाली पुढच्या बाजूला रबराचे ठोकळे असतात, त्यातला एक कधीचाच पडून गेला होता. पाय खाली असले की अंगाचा भार थोडा पायांवर जातो, सीट अधांतरी राहते. मांडी घातली की सगळा भार सीटच्या पुढच्या कडेवर. पत्रा खाली दबायचा आणि प्लगच्या वायरीला टेकायचा. मी ग्रीस समजलो होतो तो काळा ठिपका म्हणजे वायरीचं जळलेलं भोक. ठिणगी प्लगला जायची सोडून पत्र्यात उडी मारत होती. बाकी पुढं बसणारे सगळे बूट-चपला घालून पाय खाली सोडून बसायचे. मीसुद्धा. गाडीचा मान राखणारी एकटी ठकूआक्का होती.

मी हे समजावून सांगितल्यावर आक्कानं वाकून सीटखाली बघितलं. "म्हंजी माज्या बुडाखाली ईज चमकत व्हती? आन् मला पत्ता न्हाई?"

वायरीला मी सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला. पण ठोकळ्याच्या जागी काय घालायचं? जाड रबर पाहिजे होतं. रस्त्यावर ना दुकान ना घर. मी गाडीला एक चक्कर मारली, आणि मागच्या बंपरवर माझी नजर पडली.

"ए, ए! त्याला हात लावू नगं!" नाना ओरडत खाली उतरले. "दिष्टीची चप्पल हाय ती!"

"मग तिला काम देतो, नाना," म्हणालो, आणि करवतीच्या पट्टीनं तिची टाच कापली. सीटखाली अशी बसली, जशी त्याच मापानं बनवली होती.

"आक्का, बसा. आता तळेघरापर्यंत मांडी मोडायची नाही."

डिंभ्याचं धरण मागं पडलं, चढ लागला, वळणं लागली. आक्का सीटवर देवीसारखी मांडी ठोकून बसली होती आणि इंजिन चारी पावलं मोजून टाकत होतं. सगळ्यांचे कान इंजिनात होते.

बारसं झालं. पाळण्यापाशी जरा कुजबुज झाली, कोण पुढं होणार म्हणून. बबन उठला, आक्काचा दंड धरला आणि तिला पाळण्यापाशी नेऊन उभी केली. इतक्या वर्षांत त्याला एवढ्या ठामपणे काही करताना मी पहिल्यांदा बघितलं. आक्का वाकली, बाळाच्या कानात कुर्रर्र केलं आणि नाव सांगितलं. बायकांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत धपाधप धपाटे घातले. "हळू गं भवान्यांनो!" म्हणत ती रडत होती आणि हसत होती. सगळ्यांना वाटलं होतं, ती भागीरथी नाही तर रखमाबाई असं काही ठेवणार. तिनं ठेवलं श्रेया. "टीव्हीवर ऐकलं व्हतं," म्हणाली. "लई दिस मनात धरून ठिवलं व्हतं."

पोटभर जेवून परत निघालो. गाडी उताराला लागली, आणि मागच्या सीटवर नानांना कंठ फुटला. त्यांनी बायकांना समजावून सांगायला सुरुवात केली, की बघा, मी म्हणत होतो ना, चप्पल बांधली म्हणूनच गाडी सुधारली. माझी चप्पल. तोडगा कधी फुकट जात नाही.

माझं डोकं सरकलं. मी मागं वळलो, व्याख्यानाचं पहिलं वाक्य ओठावर आलं. पण गाडी चपलेनंच सुधारली होती, आणि ती मी स्वतःच्या हातानं घातली होती.

तेवढ्यात पुढून आवाज आला. मान न वळवता, मांडी न मोडता.

"आसू दे रं, गौतम. चप्पल नानाचीच हाय. कोन न्हाई म्हनतंय?" ती जरा सरकून आणखी ऐसपैस बसली. "पन आता तिच्यावर बसलीया कोन, ते बग."